औरंगाबादेत सुशी शोधली तो आठवडा

आमच्या शहरात चांगली सुशी कुठं मिळते हे आता माझी मुलगी फोनला विचारते आणि फोन निमूटपणे चार-पाच ठिकाणं दाखवतो. सोबत फोटो, सोबत लोकांनी दिलेले तारे. मी शेजारी बसून चष्मा वर-खाली करत ते फोटो बघते, आणि मग मला राहवत नाही. "या शहरात पहिली सुशी मी शोधली," असं मी म्हणते. मुलगी म्हणते, "झालं सुरू." मुलगा कानात ते पांढरे बोळे घालतो. नवरा, "हे ऐकलं की मला भूक लागते," म्हणत स्वयंपाकघरात निघून जातो. म्हणून ही हकिकत मी शेवटी लिहूनच काढायची ठरवली. कागद मध्येच उठून जात नाही.

'पहिली' हा शब्द मी जरा सैल हातानं वापरते, हे आधीच कबूल करते. माझ्याआधी कुणी शोधली असेल तर त्यांनीही लिहावं. त्यांच्या घरचेही ऐकत नसतील.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि वाळूजला दर महिन्याला माळरानावर एखादी नवी शेड उभी राहत होती. मी अशाच एका शेडच्या पुढच्या बाजूला, काचेच्या ऑफिसात, असिस्टंट होते. कारखाना गाड्यांना लागणारे रबरी भाग बनवायचा. असिस्टंट म्हणजे टायपिंग, टेलेक्स, फायली, आणि पाहुणे आले की चहा सांगणं. प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं. त्यातला शेवटचा आठवडा चालू होता. शनिवारी साहेब माझी फाईल उघडणार आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार, असं सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. मला तर झोपेतही ठाऊक होतं.

गारखेड्यातल्या आमच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत तोवर कुणीच कशात कायम झालेलं नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होते. वॅगन लागली तर काम, नाही तर नाही. माय बांधकामावर जायची. घरात कायम असं एकच होतं, ते म्हणजे विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन. आप्पांनी एक मोर्चा सोडला नव्हता. लाठीमारात त्यांचा डावा गुडघा गेला होता. आभाळ आलं की तो दुखायचा, आणि वर्तमानपत्रात विद्यापीठाची बातमी आली तरी दुखायचा.

आदल्या आठवड्यात कारखान्यात जपानहून एक इंजिनिअर आले होते. पन्नाशीचे, किरकोळ बांध्याचे, एकटेच. नवा प्रेस बसवून शनिवारी त्याची चाचणी द्यायची, असं ठरलेलं. मशीन व्यवस्थित बसत होतं, माणूस मात्र बसत चालला होता. कँटीनमध्ये मटकीची उसळ असायची, वर तर्री, आणि प्रत्येक भाजीत शेंगदाण्याचं कूट. ते ताटाला वाकून नमस्कार करायचे, एक चमचा घ्यायचे, डोळ्यांत पाणी यायचं, पुन्हा नमस्कार करायचे आणि केळं सोलायचे. केळी आणि ग्लुकोजची बिस्किटं यांवर त्यांनी आठ दिवस काढले. मंगळवारी ते प्रेससमोर उभे असताना मध्येच त्यांनी प्रेसलाच धरलं. खाली पडले नाहीत एवढंच.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"यांना सुशी पाहिजे," ते म्हणाले. "जपानी जेवण असतं. मी विचारलं, काय आणू, तर हेच नाव सांगितलं. चांगली कुठं मिळते आपल्याकडं?"

"मला विचारताय, सर?"

"तुम्हालाच. म्हणजे... तुम्ही बौद्ध ना? तेही बौद्ध. तुमच्यात जे काय असेल खाण्यापिण्याचं, ते तुम्हाला माहीत असणारच की."

साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. त्यांनी हे इतक्या सरळ चेहऱ्यानं विचारलं, जसं कोकणातल्या माणसाला नारळाचं विचारावं. आमच्या घरी ज्वारीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा असतो, सर, आणि जपान कुठल्या बाजूला आहे तेही मला नकाशा बघून सांगावं लागेल, असं म्हणायला माझं तोंड उघडलंही. पण आजवर आमचं बौद्ध असणं विचारलं जायचं ते भाड्यानं खोली मागायला गेल्यावर. त्यानंतर खोली मिळायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ते ज्ञान आहे असं समजून विचारत होतं. ते मला नाकारवेना.

"हो सर," मी म्हणाले. "बघते."

"शनिवारी दुपारी त्यांना पोटभर जेवू घाला, म्हणजे चाचणीला उभे राहतील. आणि हो, तुमची फाईलही शनिवारीच बघतो."

बाहेर येऊन मी डिक्शनरी काढली. त्यात सुशी नव्हती. मग मी शहाणपणा केला आणि थेट त्या इंजिनिअरांकडंच गेले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सर, आम्हाला नेमकी रिक्वायरमेंट हवी आहे." हा शब्द ऐकून त्यांचा चेहरा आठ दिवसांत पहिल्यांदा उजळला. त्यांनी एक जुना ड्रॉइंगचा कागद उलटा केला, खिशातून टोकदार पेन्सिल काढली आणि सुशी काढली. वरून, बाजूनं आणि मधून कापून. भाताचा थर, बाहेरचं काळं आवरण, मधला गाभा, आणि प्रत्येक बाजूला मिलिमीटरमध्ये मापं. कोपऱ्यात सही केली. कारखान्यात आलेलं सगळ्यात सुंदर ड्रॉइंग ते असावं. फक्त आवरण कशाचं आणि गाभा कशाचा, ते त्यांनी जपानीत लिहिलं होतं.

घरी मी तो कागद पसरला. माय कंदिलाची काच पुसता पुसता वाकली.

"हे मशीनचं काय हाय का?"

"जेवण आहे. भात आणि मासा. मासा कच्चा असतो म्हणे."

"कच्चा? रांधत नायत?"

"नाही."

"अगं माय, मग तो माणूस तिथं बरा होता की! इथं येऊन आजारी पडला." माय म्हणाली. "त्येला शिजलेलं सोसना."

आप्पांनी मात्र कागद हातात घेतला, मोर्चाचं पत्रक घ्यावं तसा. "सायबानं तुला का इचारलं?"

मी सांगितलं. आप्पांनी कागदाची नीट घडी घातली. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "उद्या मी धक्क्यावर जात नाय. तुझ्यासंगं येतो. आपण हो म्हणलं ना? मग सापडलीच पायजे."

बुधवारी दुपारी मी अर्धी सुट्टी घेतली आणि आम्ही बापलेक सिक्स सीटर रिक्षानं निघालो. आप्पांनी मोर्चाचे पांढरे कपडे घातले होते, इस्त्रीचे. आप्पांचा एक नेम होता. कुठंही जायचं तर पुढच्या दारानं. त्यांचं लहानपण गंगापूरकडच्या एका गावात लोकांच्या मागच्या दारी उभं राहण्यात गेलं होतं, आणि शहरात आल्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं की पुन्हा कुठल्याही मागच्या दारानं जायचं नाही. दवाखाना असो, कचेरी असो की लग्नाचा मांडव. माझी अडचण अशी की स्वयंपाकाची माहिती ज्या माणसांना असते ती सगळी मागच्या दाराशी बसलेली असतात.

पहिलं ठिकाण स्टेशनजवळचं चायनीज. दारावर लाल कंदील आणि आत कोल्ह्याच्या शेपटासारखा दिसणारा ड्रॅगन. वेटरनं ड्रॉइंग उलटंसुलटं करून पाहिलं.

"ये क्या पाइप है बाजी?"

"सुशी आहे. जपानी."

"जपानी नक्को बाजी, अपने पास चायनीज है. मंचूरियन बोलो, ड्राय भी है, ग्रेवी भी है."

आप्पा पुढं झाले. "कच्चा मासा हाय का?"

"चचा," तो कानाशी येऊन म्हणाला, "पका हुवाइच कल का है. कच्चे का मत पूछो."

दुसरं ठिकाण उस्मानपुऱ्यातलं फॅमिली रेस्टॉरंट. तिथले मालक गल्ल्यावरूनच म्हणाले, "सुशी? मिळंल की. अर्धा तास लागंल, बसा." मी आनंदानं आप्पांचा हात दाबला. इतकं सोपं! मी मनात शनिवारचं, कायम झाल्याचं पत्रसुद्धा टाईप करून टाकलं. पाऊण तासानं आमच्यासमोर रोहूच्या तळलेल्या तुकड्या आल्या, लालबुंद मसाल्यात, वर कांदा आणि लिंबू.

"ही सुशी?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक जे नाव घेईल ते आम्ही देतो, मॅडम. चव बघा, नाव विसराल."

खरं सांगते, विसरले. सकाळपासून दोघंही उपाशी होतो. आप्पांनी काटा काढून काढून शेवटची तुकडी माझ्या ताटात सारली आणि म्हणाले, "चांगली हाय. पण मापात नाय."

त्यानंतर आणखी तीन ठिकाणं झाली. एका ठिकाणी 'आम्ही शाकाहारी आहोत' असं आम्हाला ओरडून सांगण्यात आलं. संध्याकाळी परतताना मी म्हणाले, "उद्या उरलेली बघू."

आप्पा जरा खाकरले. "उद्या बंद हाय."

"कुणाचा?"

"आपलाच. नामांतराचा."

"आप्पा, माझ्याकडं दोनच दिवस आहेत!"

"मग? उद्या एखादं हॉटेल उघडं दिसलं तर बंद करायला मलाच जावं लागंल."

आणि खरोखर गेले. गुरुवारी सगळं शहर शटर ओढून बसलं. कंपनीची बस आली नाही. मी घरात ड्रॉइंगसमोर बसून राहिले, आणि आप्पा दिवसभर क्रांती चौकात घोषणा देऊन, आवाज बसवून, दिवेलागणीला आले. मला हसावं की रडावं कळेना. माझी नोकरी अडली होती आणि ती अडवणाऱ्यांत माझाच बाप पुढं होता. शिवाय बंद यशस्वी झाला म्हणून मलाही आतून बरं वाटत होतं, ते वेगळंच.

शुक्रवारी मी पुन्हा अर्धी सुट्टी घेतली. आता आशा होती असं एकच ठिकाण. विमानतळाच्या रस्त्यावरचं पंचतारांकित हॉटेल. आधी तिथं गेलो नव्हतो, कारण आत सोडतील असं मला वाटत नव्हतं. आप्पांना वाटत होतं. फेटेवाल्या दरवानानं सलाम ठोकला, आप्पांनी त्याला "जयभीम" केला, आणि काचेचा दरवाजा उघडला. आतल्या गारव्यानं माझे शब्दच गोठले. काउंटरवरच्या मुलीला मी म्हणाले, "आय वाँट टू सी सुशी."

ती गोड हसली. आमच्या मेनूत जपानी जेवण नाही, मॅडम, सॉरी.

संपलं. आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. माझं तोंड बघून दरवानच म्हणाला, "जपानी खाना ना? मेनूत नाय त्ये. पण जपान्यांचे ग्रुप येतात, अजिंठ्याला जातात, तेव्हा त्यांना डबे बांधून देतात. काळ्या कागदात भात गुंडाळलेला. मागं किचनच्या गेटवर जा, थंड किचनचा, सॅलड-बिलडचा उस्ताद कोण म्हणून विचारा."

मी पायऱ्या उतरलेसुद्धा. आप्पा हलले नाहीत.

"मागं?" ते म्हणाले.

"आप्पा, पाच मिनिटांचं काम आहे."

"मी मागच्या दारानं जात नाय."

"नोकरी माझी जायची आहे आणि तुम्ही दारं कसली बघताय?"

"तू बी जाऊ नको. इथंच इचार."

"इथं विचारलं! इथं हसून सॉरी म्हणतात!" माझा आवाज इतका चढला की दरवान दुसरीकडं बघायला लागला. "तुम्ही थांबा तुमच्या दारात. मी चालले."

आप्पांशी मी इतकं उलट कधी बोलले नव्हते. मागं न बघता मी इमारतीला वळसा घालून गेले. डोळे पुसतच किचनच्या गेटवर पोचले.

थंड किचनचा उस्ताद पस्तिशीचा, काळासावळा, कानात बाळी घातलेला माणूस निघाला. मी ड्रॉइंग पुढं केलं. त्यानं ते पाहिलं आणि असा हसला की जणू गावाकडचं पत्र आलं.

"व्हय, हेच. पण हे कुणी काढलं, ताई? लई नेटकं काढलंय."

एका जपानी ग्रुपबरोबर आलेल्या बाईंनी त्याला हे शिकवलं होतं. त्या किचनमध्येच घुसल्या, कारण डब्यातली पुरी त्यांच्या लोकांना पचेना. कोलमचा भात मोकळा होतो, म्हणून हा आंबेमोहर घेतो. गरम भातात व्हिनेगर, साखर, मीठ, आणि पुठ्ठ्यानं वारा घालायचा. गुंडाळायला हॉटेलच्या खिडकीच्या जुन्या चिकाचा, म्हणजे बांबूच्या पडद्याचा, तुकडा कापून ठेवलेला. काळा कागद म्हणजे समुद्रातलं शेवाळ. त्या बाईंनी जाताना दिलेल्या डब्यात आठ-दहा पानं उरली होती.

"आणि मासा?" मी विचारलं.

"कच्चा मासा मी देत नाय. जायकवाडीचा तर नायच नाय. आत अंडं घालतो, काकडी घालतो." मग तो जरा लाजून म्हणाला, "आम्ही गंगापूरकडचे, धनगर. बाप अजून मेंढरामागं फिरतो. घरी मासा आणायची सोय नाय. आन मी इथं जपान्याला शेवाळ खाऊ घालतो. गावाकडं सांगितलंच नाय."

"उद्या दुपारी डबा द्याल? मी इथं, गेटवर येऊन घेऊन जाईन."

त्यानं मान हलवली. "मागच्या दारानं डबा बाहेर गेला तर माझी नोकरी जाईल, ताई. पुढून ऑर्डर आली पायजे. मॅनेजरसाहेब म्हणले की मी पन्नास करून देतो."

म्हणजे पुन्हा पुढचं दार. ज्या दारातून मी नुकतीच बापाला टाकून आले होते ते. मी परत वळसा घातला. पायऱ्यांवर आप्पा नव्हते. दरवानानं नुसतीच मान आत वळवली.

आप्पा लॉबीतल्या मधल्या सोफ्यावर बसले होते. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. बसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. कलेक्टर कचेरीसमोर दिवसदिवस बसून कमावलेलं ते कसब होतं. मी मागं गेल्यावर ते आत आले होते, "मॅनेजरला भेटायचं हाय," एवढं म्हणाले होते आणि बसले होते. घोषणा नाही, तक्रार नाही. काउंटरवरच्या मुलीनं पाणी पाठवलं, मग चहा पाठवला, मग घाबरून मॅनेजरला पाठवलं. पांढरे कपडे आणि ती बैठक बघून मॅनेजरला हे कुणीतरी मोठे पुढारी आहेत असं वाटलं असावं. मी पोचले तेव्हा ते आप्पांसमोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.

"जपानचा पाव्हणा हाय," आप्पा त्यांना सांगत होते. त्यांचा आवाज कालच्या घोषणांनी बसलेला, त्यामुळे मॅनेजरना वाकून ऐकावं लागत होतं. "आठ दिस झालं उपाशी हाय, ह्या गावात. तुमचं एवढं मोठं हाटेल हाय. आमची पोरगी गावभर हिंडली त्याच्यासाठी. आता तुम्ही सांगा काय करायचं ते."

मी घाईघाईनं थंड किचनचं, डब्यांचं, ऑर्डरचं सांगितलं. मॅनेजर उठलेच. डबा कशाला, म्हणाले, उद्या बारा वाजता टेबल लावतो. बाहेर आल्यावर मला आप्पांची माफी मागायची होती. आप्पा म्हणाले, "मागं गेलीस ते बरं केलंस. त्येला बनवता येतं हे मला हिथं बसून कळलं नसतं." त्यांच्या तोंडून मागच्या दाराचं एवढं कौतुक आधी कधी निघालं नव्हतं. नंतरही निघालं नाही.

शनिवारी बारा वाजता कंपनीच्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. साहेब, जपानी इंजिनिअर आणि मी. आप्पांना चला म्हटलं तर म्हणाले, वॅगन लागलीय. टेबलावर पांढरा कपडा. थंड किचनचा उस्ताद स्वतः ताट घेऊन आला. आठ तुकडे, काळ्या कडा, पांढरा भात, मध्ये पिवळं अंडं आणि हिरवी काकडी. ताट ठेवून तो दाराआड उभा राहिला. त्याची टोपी तेवढी दिसत होती.

इंजिनिअर वाकले. मग त्यांनी खिशातून काढली ती चॉपस्टिक नव्हे, स्टीलची छोटी पट्टी. माझ्याकडचं ड्रॉइंग मागितलं. एकेक तुकडा फिरवून पाहिला. व्यास, उंची. साहेबांचा श्वास मला ऐकू येत होता. आठातले दोन तुकडे त्यांनी ताटाच्या कडेला सरकवले.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

टोपी दाराआड गेली. सहा महिने, आप्पांचे बुडालेले दिवस, सगळं त्या कडेच्या दोन तुकड्यांत दिसायला लागलं.

मग त्यांनी उरलेल्या सहातला पहिला तोंडात टाकला. डोळे मिटले. पाणी आलं नाही. दुसरा. तिसरा. सहाही संपले. मग त्यांनी कडेचे दोन रिजेक्टही खाल्ले, आणि दाराकडं बघून बोटानं खूण केली, आणखी आणा.

साहेब खुर्चीत मागं रेलले. "वा!" ते मला म्हणाले. "म्हणजे तुमच्या घरी हे असं करतात तर."

इथं गप्प बसले असते तर चाललं असतं. कायम झाले असते, आणि जन्मभर दर जपानी पाहुण्याला मीच आमच्या घरचं म्हणून शेवाळ सुचवलं असतं. पण का कोण जाणे, मला आप्पांचा तो सोफा दिसला.

"नाही सर," मी म्हणाले. "आमच्या घरी भाकरी आणि ठेचा असतो. मंगळवारपर्यंत मी सुशी हा शब्दही ऐकला नव्हता."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मग हो का म्हणालात?"

"बौद्ध म्हणून आम्हाला काही येत असेल, असं आधी कुणाला वाटलंच नव्हतं, सर. आवडलं ते मला. पण खरं नव्हतं."

त्यांनी मांडीवरचा रुमाल टेबलावर ठेवला. म्हणाले, "म्हणजे मीच वेड्यासारखं विचारलं."

"मीही वेड्यासारखं उत्तर दिलं, सर."

इंजिनिअर आमच्याकडं आळीपाळीनं बघत होते. व्हॉट, म्हणाले. मीच सांगितलं, माझ्या इंग्रजीत. सर, मला माहीत नव्हतं. मंगळवारी तुम्ही ड्रॉइंग दिलं, मी शोधत गेले. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. बुध, गुरू, शुक्र. गुरुवारी तर बंद होता, हे मी जोडलं.

"टू डेज," ते साहेबांना म्हणाले. "नो सप्लायर. न्यू सप्लायर, टू डेज. पंचाहत्तर टक्के ओके." त्यांनी पट्टी खिशात ठेवली. "कच्चा मासा नाही, व्हेरी गुड. समुद्र इथून एक रात्र लांब. कच्चा असता तर मी खाल्ला नसता." आणि साहेबांकडं अगदी गंभीरपणे वळून, "शी इज इन पर्चेस डिपार्टमेंट?"

"अजून नाही," साहेब म्हणाले.

दुसरं ताट आलं तेव्हा इंजिनिअर उस्तादाबरोबर सरळ किचनमध्ये गेले. भात हातात कसा दाबायचा ते त्यांनी त्याला दाखवलं, आणि तिसऱ्या ताटात एकही रिजेक्ट निघाला नाही. साहेबांनी आणि मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा सुशी खाल्ली. साहेबांनी हळूच ठेच्याची चौकशी केली.

तीन वाजता चाचणी झाली. ते प्रेससमोर तीन तास उभे राहिले, कशालाही न धरता. पहिल्या लॉटचा एकही भाग परत गेला नाही. सहाला साहेबांनी मला बोलावून माझी फाईल पुढं केली. आत त्यांच्या अक्षरात एक ओळ होती. कायम करावे, खरेदी विभागात. "पत्र तयार करा," ते म्हणाले.

आता कारखान्यात टाईप करणारी मीच. तेव्हा मला कायम केल्याचं पत्र मलाच टाईप करावं लागलं. मिनिटाला पन्नास शब्दांचा माझा वेग, आणि त्या अर्ध्या पानाला मी चार कागद फाडले. स्वतःच्या नावातच दोनदा चुकले. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "आता पर्चेसला गेलात की ड्रॉइंगप्रमाणे माल येतो का बघा. पट्टी घेऊन फिरत जा." पुढची अठ्ठावीस वर्षं मी तेच केलं.

घरी आप्पांनी पत्र घेतलं, ओट्यावर, रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात नेलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"ह्यात कायम कुठं लिवलंय?"

मी 'पर्मनंट'वर बोट ठेवलं. माझं बोट बाजूला करून त्यांनी त्या शब्दावर स्वतःचं बोट ठेवलं, आणि मायला हाक मारली. मायनं आधी पदराला हात पुसले, मग बोट ठेवलं. "एवढासाच हाय की," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

रविवारी ते पत्र आप्पा मालधक्क्यावर घेऊन गेले. मी नको नको म्हणत होते, सहीचं एकच आहे म्हणून. संध्याकाळी परत आले तेव्हा छाती पुढं काढून चालत होते, गुडघा दुखत असल्याचं कुठं चिन्ह नव्हतं. धक्क्यावरच्या एकूण एक हमालानं विचारलं होतं, कुठं लिहिलंय ते दाखव. आणि प्रत्येकानं त्या शब्दावर बोट ठेवून पाहिलं होतं. सिमेंटच्या वॅगनवर काम चालू होतं त्या दिवशी. बाकीचं पत्र स्वच्छ होतं, आणि तो एक शब्द राखाडी ठशांच्या ढिगाखाली गेला होता. सोमवारी साहेबांनी फाईलला लावायला पत्र परत मागितलं, तेव्हा मी त्यांना दुसरं टाईप करून दिलं. या वेळी एकही चूक केली नाही. ठशांचं पत्र माझ्याकडंच राहिलं.